हुंकाराची दहा मिनिटं

मी नेमकं काय काम करते हे आमच्या घरात कुणालाच धड माहीत नाही. आई होती तोवर शेजारणींना सांगायची, "कॉम्प्युटरमध्ये आहे." जणू मी आत मांडी घालून बसलेय. नवरा सांगतो, "नेटवर्कचं बघते," आणि मग लोक मला त्यांच्या घरचं वायफाय बेडरूममध्ये का येत नाही ते विचारतात. एकदा एका लग्नात लांबच्या मावशींनी मला बाजूला घेतलं, पर्समधून टीव्हीचा रिमोट काढला आणि म्हणाल्या, "बघ गं जरा." बघितला. सेल उलटे घातले होते. सरळ करून दिले, काय करणार! त्या दिवसापासून त्या मावशींकडे माझी कीर्ती अशी आहे की विचारू नका.

एकट्या ढब्बूला माझं काम कळतं. ढब्बू म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी गोल गरगरीत होता म्हणून ढब्बू. आता शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसतो त्याच्या अंगावर, पण नाव तेच राहिलं. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात जाऊन मशीनला जोडून घ्यायचं, रक्त धुऊन घ्यायचं, घरी येऊन मेल्यासारखं पडायचं, आणि उठला की मला फोन करायचा, "ताई, आज काय बिघडलं तुझ्याकडे?"

आणि मी सांगायची. त्याला सांगायचं म्हणजे सोपं करून सांगावं लागतं, आणि सोपं करून सांगताना मलाही जरा जास्त कळतं. डेटा सेंटर म्हणजे लोकांचे कॉम्प्युटर सांभाळणारा थंडगार हॉल. बँकांचे, शाळांचे, दुकानांचे, हॉस्पिटलांचे. त्या सगळ्या कॉम्प्युटरांना एकमेकांशी आणि बाहेरच्या जगाशी बोलायचं असतं, आणि ते बोलणं इकडून तिकडे पोचवतो स्विच. दिसायला पसरट लोखंडी डबा, तोंडावर ओळीने भोकं, प्रत्येक भोकात वायर. पण त्या डब्याच्या आत मोबाइलमध्ये असते तशीच एक ऑपरेटिंग सिस्टिम चालत असते. पूर्वी डबा आणि सिस्टिम एकाच कंपनीचं यायचं. आता नवीन पद्धत, डबा एकाचा आणि सिस्टिम दुसऱ्याची. स्वस्त पडतं, लवचिक आहे, सगळं खरं. पण काही बिघडलं की डबेवाले म्हणतात सिस्टिम बघा, आणि सिस्टिमवाले म्हणतात डबा बघा. मधल्या मध्ये आमचं मरण.

"म्हणजे तुझं लग्न लावून देणाऱ्यांसारखं झालं," ढब्बू म्हणाला होता. "दोन्हीकडचे हात झटकून मोकळे."

असा तो. मरणाच्या दारात बसूनही जीभ शाबूत.

आता हुंकाराचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आम्ही स्विचमध्ये काही बदल करतो ते लांबून, आमच्या खोलीत बसून करतो. ज्या फांदीवर बसलोय तीच कापायचं काम असतं हे. चुकीचा बदल केला तर स्विचकडे जायचा आपलाच रस्ता बंद होतो, आणि मग चूक दुरुस्त करायला जाणार कुठून? म्हणून एक सोय असते. बदल केला की स्विच थांबून राहतो. दहा मिनिटांत आपण त्याला सांगायचं, "हो, मी आहे, सगळं ठीक आहे." सांगितलं तर बदल पक्का. नाही सांगितलं तर तो समजतो, ही बाई मेली, आणि सगळं होतं तसं परत करतो. इंग्रजीत त्याला लांबलचक नाव आहे. आमच्या टीमपुरतं मी त्याला हुंकार म्हणायला लागले आणि सगळ्यांच्या तोंडात तेच बसलं. "हुंकार दिलास का रे?" "देतोय, देतोय."

शब्द ढब्बूवरूनच सुचला. लहानपणी आम्ही एका खाटेवर झोपायचो. मी गोष्ट सांगायची आणि तो हं, हं करायचा. हुंकार थांबला की समजायचं, झोपला. मग गोष्ट तिथेच सोडून मीही कूस बदलायची.

त्याचं नाव किडनीच्या यादीत होतं. नुसतं होतं असं नाही, बरंच वर आलं होतं. आणि यायलाच हवं होतं, कारण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की मशीनची सुई टोचायला त्याच्या हातात आता जागा उरलेली नाही. एक शीर चालू आहे ती चालू आहे. ती गेली की मानेत नळी, आणि त्यानंतर काय ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. म्हणजे जे काय व्हायचं ते लवकर व्हायला हवं होतं. भावजय मोबाइल उशाशी घेऊन झोपायची. अंघोळीला जातानाही प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यायची.

आणि ढब्बू जायचा त्या हॉस्पिटलचे कॉम्प्युटर आमच्याच हॉलमध्ये होते, डावीकडच्या रांगेत, एका जाळीदार कपाटात. आत काय आहे ते आम्हाला दिसत नाही, दिसायलाही नको. आम्ही नुसते निरोपे. पण येता-जाता मी त्या कपाटाच्या जाळीवर हात ठेवायची. वेडेपणाच, दुसरं काय. पंडितने एकदा बघितलं तर म्हणाला, "मॅडम, गरम झालंय का?" म्हटलं, "नाही रे, बघतेय थंड आहे ना."

पंडित आमच्या टीममधला. सगळ्या कमांड तोंडपाठ म्हणून पंडित.

तो रविवार होता. सगळ्यात कमी वर्दळ असते म्हणून असली कामं आम्ही रविवारी सकाळी काढतो. हॉलमधल्या मुख्य दोन स्विचांची सिस्टिम बदलायची होती. जुनीत एक भोक सापडलं होतं, तिथून चोर शिरू शकतो असं, आणि ती बनवणाऱ्यांनी हात वर केले होते की आता नवीच घ्या. हे दोन स्विच म्हणजे हॉलचा गळा. प्रत्येक रांगेतल्या वायरी शेवटी या दोघांकडेच येतात. दोघं अशासाठी की एक झोपला तर दुसऱ्याने सांभाळावं. त्यामुळे आम्ही सगळ्या गिऱ्हाइकांना आठवडाभर आधी कळवलं होतं, सेवेत खंड पडणार नाही. वाक्य मीच लिहिलं होतं. साहेबांना फार आवडलं होतं.

आणि आम्ही काही असेच उठून करायला बसलो नव्हतो. आधी वेगळ्या डब्यावर करून बघितलं होतं. सुरळीत झालं होतं. फक्त तो डबा लहान होता, त्याला भोकं कमी. मोठ्या डब्यात नवी सिस्टिम पहिल्यांदा उठते तेव्हा एकेका भोकाला जागं करत बसते, आणि त्याला वेळ लागतो, आमच्या दहा मिनिटांपेक्षा जास्त. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. डबेवाल्यांनी सांगितलं नाही, सिस्टिमवाल्यांनी सांगितलं नाही. आणि दहा मिनिटं ही आमच्याकडची जुनी रीत, तिच्याकडे बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पंडितने पहिल्या स्विचला नवी सिस्टिम दिली. स्विच झोपला. दुसऱ्याने सगळा भार उचलला. छान. आम्ही चहा प्यायलो. स्विच उठेना. पंडित नखं खायला लागला. मग पडद्यावर हिरवा ठिपका आला आणि पंडित म्हणाला, "उठला!"

नेमका त्याच वेळी माझा मोबाइल वाजला. ढब्बूचा फोटो. त्याला दिवसाला पाणी मोजून प्यायचं असतं, आणि तो त्यावरून रोज काहीतरी विनोद करतो. फोटोत एक इवलासा कप होता, बाहुलीच्या खेळातला असावा असा, काठोकाठ भरलेला. खाली लिहिलं होतं, "कप बदलला. आता पाणी मावत नाही."

मला हसू फुटलं. तोंडावर हात ठेवून हसत होते, तेवढ्यात पंडित म्हणाला, "मॅडम, दुसरा घेऊ?"

मी म्हटलं, "हं, घे."

बस. एवढंच. वर बघितलं असतं तर ठिपक्याच्या शेजारी बारीक अक्षरात सिस्टिमचा नंबर होता. तो जुना होता. स्विच नव्या सिस्टिममध्ये उठलाच नव्हता. नव्यात पुरता उठायच्या आतच दहा मिनिटं संपली, आणि हुंकार मिळाला नाही म्हणून तो मुकाट्याने परत जुन्यात गेला होता. आणि त्याला सांगून ठेवलेलं होतं की फसलं तर पुन्हा प्रयत्न कर. म्हणजे पंडितने दुसऱ्याला झोपवलं आणि इकडे पहिला, गुणी बाळ, पुन्हा नवी सिस्टिम घ्यायला आपणहून झोपला.

दोघंही झोपले, आणि दहा मिनिटं पुरत नाहीत तोवर अर्धवट उठून पुन्हा पुन्हा झोपतच राहणार होते. हॉलचा गळा बंद.

आधी पंडितचा पडदा गोठला. मग माझा. मग टेबलावरचा फोन मेला, कारण तोही त्याच वायरीवर. खोलीत एकदम असं शांत झालं की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. पंडित माझ्याकडे बघतोय, मी पंडितकडे. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. माझंही पळालंच असणार, पण आरसा नव्हता.

"मागचं दार," मी म्हटलं. अशा वेळेसाठी एक वेगळी लाइन असते, तिला आम्ही मागचं दार म्हणतो. मोबाइलच्या सिमवर चालणारं एक छोटं मशीन, त्यातून थेट स्विचपर्यंत जाता येतं.

पंडितने बोट दाखवलं. ते मशीन कपाटावर ठेवलेलं होतं, उघडं, पोट फाडलेलं. गेल्या आठवड्यात बिघडलं म्हणून काढलं होतं. नवं येणार होतं. येणारच होतं.

मग काय, धावलो. खाली हॉलमध्ये जायचं, स्विचला हाताने वायर लावायची, त्याला झोपेतून गदगदा हलवायचं आणि सांगायचं की बाबा नवीनच सिस्टिममध्ये ऊठ आणि निवांत ऊठ. पंधरा-वीस मिनिटांचं काम. मी जिने उतरले, हॉलच्या दाराशी आले, गळ्यातलं कार्ड लावलं.

लाल दिवा.

पुन्हा लावलं. लाल. पंडितने त्याचं लावलं. लाल.

मी कार्ड खाली सोडलं. कारण मला तिथेच कळलं. कार्ड लावलं की दार एका कॉम्प्युटरला विचारतं, या बाईला आत सोडू का? तो कॉम्प्युटर हॉलच्या आत. दारापासून त्याच्याकडे जाणारी वायर त्या दोन स्विचांतून. दार विचारत होतं आणि त्याला कुणी हं म्हणत नव्हतं. आतून बाहेर यायला धक्का दिला तरी ते उघडतं. बाहेरून आत जायला नाही. आणि रविवार, आत कुणीच नाही.

दाराशी बसणारे सिक्युरिटीवाले काका उठून उभे राहिले. "काय झालं, ताई?"

"काका, किल्ली! दाराची साधी किल्ली असेल ना?"

"आहे की. पण ती बिल्डिंगच्या इन्चार्जकडे. तिजोरीत. त्यांच्या सहीशिवाय नाही."

"इन्चार्ज कुठे आहेत?"

"रविवार आहे, ताई. घरी."

इन्चार्जना फोन लावला. त्यांचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. निघतो म्हणाले. चड्डीवर आहे, कपडे घालतो आणि निघतो. मी म्हटलं, "कपडे राहू द्या हो!" त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

मग साहेबांचा फोन. "किती वेळ लागेल?" म्हटलं, दार उघडलं की सांगते. "पण अंदाजे?" सांगते. पाच मिनिटांनी परत, "काही अंदाज?" माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, की साहेब, तुमच्या प्रश्नाने दार उघडत असतं तर एव्हाना भिंत पण उघडली असती. गिळलं.

पंडित दाराच्या काचेला कपाळ टेकून उभा होता. काचेतून आतली रांग दिसत होती, मुख्य कपाट दिसत होतं. आठ-दहा पावलांवर. दोन्ही स्विचांचे दिवे पिवळे लुकलुकत होते, आरामात, काही घाई नसल्यासारखे.

आणि तेव्हा भावजयीचा फोन आला.

मी उचलायच्या आधीच मला वाटलं की ढब्बूला काहीतरी झालं. पण आवाज भलताच होता. हसत होती की रडत होती कळेना.

"ताई! आली! किडनी आली!"

"काय?"

"आली हो! पहिलं नाव ह्यांचंच लागलंय! हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटर मॅडमचा फोन आला होता आत्ता. आम्ही हॉस्पिटलात पोचतोच आहोत. ताई, ऐकताय ना?"

"ऐकतेय, ऐकतेय गं." पंडितकडे बघून मी हात हलवला, काहीतरी चांगलं झालंय असा. पुढच्या क्षणी हात तसाच वर राहिला.

"फक्त एक घोळ झालाय," ती म्हणत होती. "हॉस्पिटलचे कॉम्प्युटर बंद पडलेत. सगळेच. किडनीची यादी सांभाळतात त्या नोंदणीवाल्यांना ह्यांचे ताजे रिपोर्ट आणि होकार तासाभरात पाठवायचा असतो, त्यांच्या सिस्टिममधूनच. नाही गेला तर ती पुढच्या नावाला जाते. कोऑर्डिनेटर मॅडम म्हणतात रिपोर्ट सगळे कॉम्प्युटरातच आहेत, कागदावर काही नाही. त्या फोनवर हातापाया पडतायत त्यांच्या, पण ते म्हणतात फोनवरून घ्यायला लागलो तर ओळखीपाळखीवाले पुढे घुसतील." श्वास घ्यायला थांबली. "ताई, तुम्ही ह्यातल्याच ना. तुमच्या ओळखीचं कुणी असेल का हो, जे हे लवकर चालू करून देईल?"

मी त्या दाराकडे बघितलं. लाल दिवा.

काय सांगायचं होतं मी? ओळखीचं आहे गं, मीच आहे. मीच बंद पाडलंय आणि मी बाहेर उभी आहे.

"बघते," म्हटलं. "बघतेच आहे."

"बघा हां, प्लीज," ती म्हणाली. मागून ढब्बूचा आवाज आला, "तिला सांग, घाबरू नकोस म्हणावं, मी आहे." आणि तो हसला. गाडीच्या धक्क्यांनी ते हसू तुटक तुटक ऐकू येत होतं.

फोन ठेवला आणि मी दारावर लाथ मारली. काका म्हणाले, "ताई, अहो!" मी आणखी एक मारली. ते दार जाड असतं, आग लागली तरी टिकावं असं. माझ्या पायाचा अंगठा काळानिळा झाला, दाराला ओरखडाही नाही.

"काच फोडा," मी म्हटलं.

काकांनी भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं काढलं. खरंच काढलं, बिचाऱ्यांनी नोकरीचाही विचार केला नाही. पंडितने ते घेऊन काचेवर घातलं. काचेत जाळी होती आतून. पांढरी पांढरी झाली, तडकली, पण फुटेना. पंडित घामाघूम होऊन घालत राहिला. प्रत्येक घावाला आतले दिवे जरा दिसेनासे होत होते, एवढंच. शेवटी नळकांडं त्याच्या हातून सटकलं, आणि तो खाली बसून रडायला लागला. त्याला अजून माहीत नव्हतं की काय पणाला लागलंय. त्याला वाटत होतं, नोकरी.

मी त्याला सांगितलं नाही. काय उपयोग होता?

भावजयीचे फोन येत राहिले. हॉस्पिटलात पोचलो. ह्यांना कपडे बदलायला लावलेत. सर्जन आलेत. रक्त घेतलं, पण तो रिपोर्ट पण कॉम्प्युटरातच अडकलाय म्हणतात. ताई, झालं का काही? ताई, अर्धा वेळ गेला. मी प्रत्येक वेळी "बघतेय" म्हणत होते. आयुष्यात तो शब्द मी पुन्हा उच्चारू नये असं वाटायला लागलं. मी नोंदणीवाल्यांचा नंबर शोधून स्वतः फोन केला. मी म्हटलं, डेटा सेंटरमधून बोलतेय, चूक आमची आहे, हॉस्पिटलची नाही, पेशंटची तर नाहीच नाही, थोडा वेळ वाढवून द्या. पलीकडचा माणूस तुसडा नव्हता, उलट फार हळू बोलत होता. म्हणाला, "मॅडम, किडनी थांबत नाही हो. आणि पुढच्या नावाचा माणूसही कुणाचा तरी कुणीतरी आहेच." मी फोन ठेवला. शिव्या द्यायला तरी तोंड हवं.

इन्चार्ज आले तेव्हा शर्टाची बटणं वरखाली लागलेली होती. किल्ली फिरली. दार उघडलं, थंड हवा अंगावर आली. मी धावले, वायर लावली, स्विचला मध्येच अडवलं. घाईत दोनदा चुकीचं टाइप झालं. पंडितने मागून नुसतं बघून अक्षरं सांगितली. मग वाट बघायची. दुसरं काही नाही. नवी सिस्टिम एकेका भोकाला जागं करत होती. मी त्या डब्यासमोर गुडघे टेकून बसले होते आणि म्हणत होते, ऊठ रे, ऊठ माझ्या राजा. एकेक दिवा हिरवा होत गेला, पहिल्या भोकाचा, दुसऱ्याचा, सावकाश. मी हुंकार दिला. हॉल जागा झाला. डावीकडच्या रांगेत हॉस्पिटलच्या कपाटातही दिवे धावायला लागले.

मी भावजयीला फोन लावला. "चालू झालं! सांग त्यांना, चालू झालं!"



"ताई, गेली ती," ती म्हणाली. "आत्ताच. पुढच्याला गेली."

त्यानंतरचं सगळं नेहमीसारखंच झालं. मीटिंग झाली. साहेब म्हणाले, आपण ह्यातून शिकायला हवं. डबेवाल्यांनी सिस्टिमकडे बोट दाखवलं आणि सिस्टिमवाल्यांनी डब्याकडे. सोमवारी सकाळी मी हुंकाराची मुदत दहाची चाळीस केली. एक आकडा पुसून दुसरा लिहायला कितीसा वेळ लागतो? लगेच झालं. नवी काच बसवायला माणूस आला, माप घेऊन गेला.

दुपारी मी हॉस्पिटलात गेले. ढब्बूची मशीनची पाळी होती. भावजय माझ्याकडे न बघता म्हणाली, "बसा, मी औषधं घेऊन येते." हे माझ्याकडूनच झालं असं तिला कुणी सांगितलं असेल-नसेल, मला ठाऊक नाही. डोळे सुजलेले होते.

ढब्बू खुर्चीत पाय पसरून पडला होता. हातातून दोन लाल नळ्या मशीनमध्ये जात होत्या, मशीन फिरत होतं. त्याच्या शेजारच्या टेबलावर तो इवलासा कप होता. रिकामा.

"आलीस," तो म्हणाला. "अंगठ्याला काय झालं? लंगडतेयस."

"दाराला लाथ मारली."

"दाराला लागलं का फार?"

मी हसले. हसू नाही म्हणता यायचं त्याला. मी शेजारी स्टूल ओढून बसले. जरा वेळाने तो डोळे मिटून म्हणाला, "सांग."

"काय सांगू?"

"काल काय बिघडलं तुझ्याकडे. पहिल्यापासून सांग. मला आज झोप येत नाहीये."

खोटं बोलता आलं असतं. डब्याचं नाव घेता आलं असतं, सिस्टिमचं घेता आलं असतं, ते खरंही होतं. पण तो एकटाच आहे ज्याला माझं काम कळतं, आणि त्याला अर्धवट सांगितलं तर कळतंच. मी सांगायला लागले. रविवार होता. "हं." दोन स्विच होते, हॉलचा गळा. "हं." लहान डब्यावर करून बघितलं होतं. "हं." पहिल्याला झोपवलं, दुसऱ्याने भार उचलला. "हं." मग बराच वेळ पहिला उठेचना. पंडित नखं खात होता.

"हं. मग?"

"मग हिरवा ठिपका आला. पंडित म्हणाला उठला. पण तो जुन्यातच उठला होता. शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं."

"हं."

"पंडितने मला विचारलं, दुसरा घेऊ? आणि मी घे म्हटलं."

"न बघता?"

"न बघता."

त्याने डोळे उघडले. छताकडे बघत होता. मशीनचा आवाज येत होता, गर्र गर्र.

"ताई," तो म्हणाला, "मी कपाचा फोटो पाठवला तेव्हा?"

माझ्याने एवढंच झालं. म्हटलं, "हं."

त्यानंतर तो काही बोलला नाही. मी पुढचं सांगायला लागले, दाराचं, किल्लीचं, काचेचं. एकेक वाक्य सांगून मी थांबत होते. मला वाटलं झोपला असेल. वाकून बघितलं.

जागाच होता. डोळे उघडे होते.